विकासाची किंमत की खुर्चीची?

२०१८ च्या एप्रिल महिन्यात मलेशियाच्या जोहोर राज्यात विरोधी आघाडीच्या एका प्रचारफलकावरून निवडणूक अधिकाऱ्यांनी एका वृद्ध नेत्याचा चेहरा कापून काढला. फलक जागेवर राहिला, आघाडीचे इतर नेते हसत उभे राहिले आणि मधोमध एक चौकोनी भोक राहिले. त्याच महिन्यात या नेत्याच्या नव्या पक्षावर संस्था-नोंदणीच्या कायद्याखाली तात्पुरत्या विसर्जनाचा हुकूम बजावण्यात आला. मग त्याला दुसऱ्याच पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढवावी लागली. आपले विमान कोणीतरी मुद्दाम बिघडवले, असे तो जाहीरपणे म्हणाला, तर खोट्या बातम्यांविरुद्धच्या नव्या कोऱ्या कायद्याखाली त्याची चौकशी सुरू झाली. त्याचे वय तेव्हा ९२ होते. नाव महाथीर मोहम्मद. याच देशाचा कारभार त्याने १९८१ ते २००३ अशी सलग २२ वर्षे पंतप्रधान म्हणून हाकला होता.

महाथीर यांच्याविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेने बोलले जाते. एक तऱ्हा २०१९ नंतरची. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी काश्मीरवर केलेले विधान, त्यावरून उठलेला गदारोळ, मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल उद्योगाच्या संघटनेने सभासदांना मलेशियाचे पामतेल घेऊ नका म्हणून दिलेला सल्ला आणि जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर घातलेले निर्बंध. दुसरी तऱ्हा त्याहून जुनी आणि माझ्या मते जास्त घातक आहे. सिंगापूर-मलेशियाची सहल करून आलेला माणूस पेट्रोनासचे जुळे मनोरे, रुंद रस्ते, चकचकीत विमानतळ यांचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, ‘‘एका माणसाने करून दाखवले बघा. थोडी दडपशाही केली असेल, पण देश घडवला. आपल्याला असाच कोणीतरी हवा.’’

हे वाक्य मी सुशिक्षित, सज्जन, एरवी लोकशाहीची चाड असलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून ते गंभीरपणे तपासायला हवे. त्यात एक सौदा गृहीत धरलेला आहे: स्वातंत्र्य थोडे कमी केले, त्याच्या बदल्यात समृद्धी मिळाली. महाथीर यांच्या कारकिर्दीच्या तारखा एकापुढे एक मांडल्या की हा सौदा झालाच नव्हता, असे दिसते. लोकांनी किंमत मोजली हे खरे. ती विकासासाठी मोजली, हे मात्र खरे नाही.

माणूस कर्तबगार होता, याबद्दल वाद नको. १९२५ साली केदाह राज्यातल्या अलोर सेतार गावी त्यांचा जन्म झाला. आजोबांकडून घराण्याचे मूळ केरळात. वडील शाळेचे मुख्याध्यापक. सिंगापूरला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले आणि गावात स्वतःचा दवाखाना थाटला. त्यांच्या आधीचे तिन्ही पंतप्रधान राजघराण्यातले किंवा सरदार घराण्यांतले होते. महाथीर हे पहिले सामान्य घरातले. १९६४ साली ते संसदेत गेले आणि १९६९ साली ९८९ मतांनी पडले. त्याच वर्षी १३ मे रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी समाजांत भीषण दंगल उसळली. महाथीर यांनी देशाचे संस्थापक पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांना जळजळीत पत्र लिहिले आणि उम्नो या सत्ताधारी पक्षातून त्यांची हकालपट्टी झाली. पुढच्या वर्षी सिंगापुरातून निघालेले ‘द मलय डायलेमा’ हे त्यांचे पुस्तक मलेशियात बंदीत सापडले. ती बंदी १९८१ साली ते स्वतः पंतप्रधान झाल्यावरच उठली.

ज्या माणसाला सत्तेवर टीका केली म्हणून पक्षाबाहेर काढले गेले, ज्याचे पुस्तक बंदीत पडले, त्याला या गोष्टींचा दंश ठाऊक असणार. त्यांची पहिली काही वर्षे तशी आशादायकच होती. त्यांनी अनेक राजकीय स्थानबद्धांना सोडले. सरकारी कर्मचाऱ्यांना वेळेवर यायला लावले. जपान आणि कोरियाकडून शिका, असा ‘पूर्वेकडे पाहा’चा धोशा त्यांनी लावला आणि तरुणांना प्रशिक्षणासाठी तिकडे धाडले. मलेशियात नऊ सुलतानांतून आळीपाळीने राजा निवडला जातो. या सुलतानांच्या अधिकारांना हात घालण्याची हिंमत कोणत्याही मलय नेत्यात नव्हती. ती महाथीर यांनी १९८३ मध्ये दाखवली. पुढे १९९३ मध्ये तर सुलतानांना फौजदारी खटल्यांपासून असलेले संरक्षणच त्यांनी घटनादुरुस्ती करून काढून घेतले. हे काम निखळ लोकशाहीचे होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता १९८७ सालाकडे येऊ. या एका वर्षात आणि पुढच्या वर्षात जे घडले, त्यावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे.

१९८५ मध्ये मलेशियाची अर्थव्यवस्था घसरली होती. कथील, रबर, पामतेल सगळ्यांचे भाव पडले होते. उपपंतप्रधान मुसा हितम यांनी १९८६ मध्ये राजीनामा दिला होता. उम्नोत दोन तट पडले. २४ एप्रिल १९८७ रोजी पक्षाध्यक्षपदाची निवडणूक झाली. समोर होते तेंग्कू रझाली हम्जा. महाथीर यांना ७६१ मते पडली आणि रझालींना ७१८. त्रेचाळीस मतांचा फरक. मलेशियात उम्नोचा अध्यक्ष तोच पंतप्रधान, असा अलिखित नियम होता. म्हणजे बावीस प्रतिनिधींनी मन बदलले असते तर महाथीर यांची कारकीर्द सहाव्या वर्षीच संपली असती.

निकालानंतर रझाली गटातल्या मंत्र्यांना बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. हरलेल्या गटाचे काही लोक न्यायालयात गेले. नोंदणी नसलेल्या शाखांच्या प्रतिनिधींनी मतदान केले, तेव्हा निवडणूक रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. खटला चालू असतानाच ऑक्टोबरमध्ये चिनी शाळांतल्या नेमणुकांवरून वातावरण तापले. चिनी संघटनांनी निषेध सभा घेतली. उत्तरादाखल उम्नोच्या युवक शाखेने राजधानीत प्रचंड मेळावा भरवला आणि तिथे चिथावणीखोर घोषणा झाल्या. २७ ऑक्टोबरपासून पोलिसांनी ‘ऑपरेशन लालांग’ सुरू केले. खटला न चालवता डांबून ठेवण्याची मुभा देणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली शंभराहून अधिक लोकांची धरपकड झाली. त्यांत संसदेतले विरोधी पक्षनेते लिम किट सियांग होते, त्यांचा मुलगा लिम ग्वान एंग होता, वकील कर्पाल सिंग होते, अभ्यासक चंद्र मुझफ्फर होते. पर्यावरणवाले, समाजसेवक, धार्मिक कार्यकर्तेही होते. इंग्रजी ‘द स्टार’, चिनी ‘सिन च्यू जित पोह’ आणि मलय ‘वतन’ या तीन वृत्तपत्रांचे परवाने काढून घेण्यात आले. ‘द स्टार’मध्ये तुंकू अब्दुल रहमान स्तंभ लिहीत होते. ज्यांनी देशाला स्वातंत्र्य मिळवून दिले त्यांचाच आवाज बंद झाला.

इथे विरोधकाचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे. तो म्हणेल, १९६९ ची दंगल विसरू नका. देश पुन्हा पेटण्याच्या बेतात होता. पंतप्रधानाने काय हातावर हात ठेवून बसायचे? भीती खरी होती, मला मान्य आहे. पण आग लागू नये म्हणून धरपकड झाली असेल, तर काडी ओढणारे आधी आत जायला हवेत. चिथावणीच्या मेळाव्यात युवक शाखेच्या वतीने पुढे असलेले नजीब रझाक बाहेरच राहिले. शेवटचे स्थानबद्ध १९८९ मध्ये सुटले. रस्ते कित्येक महिने आधीच शांत झाले होते. धोका टळल्यावरही जी कोठडी उघडत नाही ती कशासाठी असते, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. महाथीर पुढे म्हणत राहिले की निर्णय पोलिसांचा होता. पण गृहखाते त्यांच्याकडेच होते आणि स्थानबद्धतेच्या हुकमावर गृहमंत्र्याची सही लागत असे.

मग न्यायालयाची पाळी आली. फेब्रुवारी १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. तो दोन्ही गटांना अनपेक्षित होता. शाखा बेकायदा असतील तर अख्खा उम्नो पक्षच बेकायदा ठरतो! देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा पक्ष एका निकालाने नाहीसा झाला. महाथीर यांनी चपळाईने ‘नवा उम्नो’ नोंदवला, जुन्या पक्षाची मालमत्ता त्याकडे वळवली आणि कोणाला आत घ्यायचे ते स्वतः ठरवले. तुंकू आणि महाथीर यांच्या लगेच आधीचे पंतप्रधान हुसेन ओन, दोघेही या नव्या पक्षात आले नाहीत. रझाली गटाचे अपील अजून सर्वोच्च न्यायालयात बाकी होते. मार्च महिन्यात घटनेचे कलम १२१ दुरुस्त करण्यात आले. संघराज्याचा न्यायिक अधिकार न्यायालयांच्या ठायी आहे, असे ते कलम सांगत होते. ते शब्द गेले. त्यांच्या जागी, संसदेच्या कायद्याने जे अधिकार दिले जातील तेवढेच न्यायालयांचे, अशा अर्थाचे शब्द आले.

सरन्यायाधीश सालेह अब्बास यांनी सहकाऱ्यांच्या वतीने राजाला पत्र लिहिले. पंतप्रधान न्यायसंस्थेवर जाहीर टीका करतात, हे आम्हाला क्लेशदायक वाटते, असा त्याचा आशय. त्यांनी उम्नोच्या अपिलासाठी नऊ न्यायाधीशांचे पूर्णपीठही नेमले. मे महिन्यात सरन्यायाधीशच निलंबित झाले. त्यांची चौकशी करण्यासाठी लवाद बसला. त्या लवादाविरुद्ध मनाई हुकूम देणारे सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीशही निलंबित झाले. ऑगस्टमध्ये सालेह अब्बास बडतर्फ झाले, नव्या पीठाने अपील फेटाळले आणि निलंबित पाचांपैकी दोघेही पुढे बडतर्फ झाले. महाथीर यांचे म्हणणे असे की राजाच सरन्यायाधीशांवर नाराज होता. ज्यांनी सुलतानांचे अधिकार छाटले, त्यांनी या एका प्रकरणात राजाच्या मर्जीमागे उभे राहावे, हे पटण्यासारखे नाही. वीस वर्षांनी, २००८ मध्ये, अब्दुल्ला बदावी यांच्या सरकारने या न्यायाधीशांना सद्‌भावना म्हणून भरपाई दिली. अन्याय झाला होता, याची ती कबुलीच होती, शब्दांत नसली तरी.

आता सांगा, यातली कोणती गोष्ट विकासासाठी आवश्यक होती? त्रेचाळीस मतांनी वाचलेले अध्यक्षपद टिकवायला हे सगळे आवश्यक होते. कारखाना उभारायला सरन्यायाधीशाला घरी पाठवावे लागत नाही.

भरभराट आली कुठून, तेही पाहू. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच बड्या देशांचा करार झाला आणि जपानी येन भराभर महाग होत गेला. जपानी कंपन्यांना मायदेशी माल बनवणे परवडेना. त्यांनी आग्नेय आशियात कारखाने हलवायला सुरुवात केली. ते थायलंडमध्ये गेले, इंडोनेशियात गेले, मलेशियातही आले. मलेशियाने १९८६ मध्ये गुंतवणूकवाढीचा कायदा केला आणि परदेशी मालकीवरची बंधने सैल केली. हे श्रेय महाथीर आणि त्यांचे अर्थमंत्री दाइम झैनुद्दीन यांचे. पण त्यात बंधन सोडणे होते, आवळणे नव्हते. पेनांगमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाचा पाया त्याहून जुना: इंटेलचा कारखाना तिथे १९७२ मध्येच सुरू झाला होता. मलय समाजाला दारिद्र्यातून बाहेर काढणारे नवे आर्थिक धोरण १९७१ सालचे, तुन अब्दुल रझाक यांचे. १९७० मध्ये जवळजवळ निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती. १९९० पर्यंत हे प्रमाण सहाव्या हिश्श्याच्या आसपास आले. ही मोठी कामगिरी आहे. तिच्यात महाथीर यांचा वाटा आहे, पण तो अनेक वाट्यांपैकी एक आहे. आणि १९८८ नंतरची आठ-नऊ वर्षे अर्थव्यवस्था दरसाल आठ-नऊ टक्क्यांनी वाढली, तिचे बी धरपकडीच्या आधी पडले होते.

उलट, ज्या प्रकल्पांत कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते तिथेच पैसा बुडाला. पर्वाजा पोलाद कारखाना वर्षानुवर्षे तोट्यात बुडत राहिला. प्रोटॉन ही राष्ट्रीय मोटार १९८५ साली मित्सुबिशीच्या मदतीने रस्त्यावर आली, लोकांना तिचा अभिमानही वाटला; पण भारी आयातकराच्या आडोशाने ती जगली आणि तो भार सामान्य ग्राहकाने उचलला. १९९० च्या दशकाच्या आरंभी देशाच्या मध्यवर्ती बँकेने परकीय चलनाच्या सट्ट्यात अब्जावधी रिंगिट घालवले. त्याची राजआयोगामार्फत चौकशी २०१७ साली झाली आणि तोट्याचा आकडा ३१.५ अब्ज रिंगिट निघाला. वृत्तपत्रांचे परवाने सरकारच्या हातात नसते, सरकारी गुपितांचा कायदा १९८६ मध्ये अधिक कडक केला नसता, तर हा आकडा कळायला पाव शतक लागले असते का?

विरोधकाचा शेवटचा आणि सर्वांत भक्कम दाखला १९९८ चा. वर्षभरापूर्वी थायलंडपासून सुरू झालेल्या आर्थिक वादळात रिंगिट डॉलरला अडीचवरून जवळजवळ पाचपर्यंत कोसळला होता. काही शेजारी नाणेनिधीच्या दारात उभे होते. महाथीर यांनी १ सप्टेंबर १९९८ रोजी भांडवल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि लगोलग रिंगिटचा दर डॉलरला ३.८० असा बांधून टाकला. जगभरच्या अनेक अर्थतज्ज्ञांनी वेड्यात काढले, पण आकाश कोसळले नाही. पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था सावरली. नाणेनिधीचे कर्ज घेणारा कोरियाही तेवढाच, किंबहुना जास्त वेगाने सावरला, म्हणून निर्बंधांमुळेच देश वाचला असे म्हणता येणार नाही. तरी स्वतःच्या बुद्धीने चालण्याचे हे धैर्य मोठे होते, आणि गरीब देशांना त्यातून खूप शिकण्यासारखे आहे.

पण दुसऱ्या दिवशी काय झाले? २ सप्टेंबरला उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री अन्वर इब्राहिम यांना काढून टाकण्यात आले. महाथीर यांनीच १९८२ मध्ये या तडफदार युवक नेत्याला पक्षात आणले होते, वारस म्हणून वाढवले होते. वीस तारखेच्या रात्री त्यांना अटक झाली. हातात बेड्या, डोळ्यांवर पट्टी, अशा अवस्थेत देशाच्या पोलीसप्रमुखाने त्यांना स्वतः मारहाण केली. नऊ दिवसांनी ते न्यायालयात आले तेव्हा एक डोळा काळानिळा होता. इजा त्यांनी स्वतःच करून घेतली असेल, असे पंतप्रधान म्हणाले. पुढे पोलीसप्रमुखानेच गुन्हा कबूल केला आणि त्याला दोन महिन्यांची शिक्षा झाली. खटल्यात पुरावा म्हणून एक गादी न्यायालयात ओढत आणली गेली, ते दृश्य मलेशियातली एक पिढी विसरलेली नाही. भ्रष्टाचारासाठी सहा वर्षे, अनैसर्गिक संभोगाच्या आरोपासाठी नऊ वर्षे. दुसरी शिक्षा २००४ मध्ये, महाथीर निवृत्त झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

रिंगिटचा दर बांधायला अर्थमंत्री बदलावा लागला, हे एकवेळ समजू शकते. मतभेद झाले तर मंत्री बदलतात. त्याचा डोळा फोडावा लागत नाही.

या सगळ्याचा हिशेब २०१५ मध्ये देशापुढे आला. १९८७ च्या मेळाव्यात पुढे असलेले नजीब रझाक आता पंतप्रधान होते. त्यांनी २००९ मध्ये स्थापलेल्या सरकारी गुंतवणूक कंपनीतून, वन-एमडीबीतून, प्रचंड पैसा बाहेर गेला होता. अमेरिकेच्या न्यायखात्याने पुढे तो साडेचार अब्ज डॉलर असल्याचे म्हटले. नजीब यांच्या खासगी खात्यांत सुमारे ७० कोटी डॉलर जमा झाल्याची बातमी जुलै २०१५ मध्ये फुटली. नजीब यांनी काय केले? महाधिवक्त्यांना दूर केले आणि नव्या महाधिवक्त्यांनी काही महिन्यांत त्यांना निर्दोष ठरवले. प्रश्न विचारणाऱ्या उपपंतप्रधान मुहिद्दीन यासिन यांना काढले. ‘द एज’ समूहाच्या नियतकालिकांचे परवाने तीन महिन्यांसाठी थांबवले. परवान्यांचा तो कायदा १९८४ चा. महालेखापालांचा अहवाल सरकारी गुपित ठरवला. त्या गुपिताला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, ही तरतूद १९८६ ची. पंतप्रधान आणि अर्थमंत्री एकच, ही रीत महाथीर यांनीच शेवटच्या वर्षांत पाडली होती. पक्षाध्यक्षाला आव्हान देणे जवळजवळ अशक्य करणारे उम्नोचे नियम तर १९८७ च्या धास्तीतूनच जन्मलेले. नजीब यांना नवे हत्यार घडवावे लागले नाही. सगळी तयार होती, परजलेली होती.

चांगल्या माणसाच्या हाती निरंकुश सत्ता असली तर काय बिघडले, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. महाथीर यांच्यावर वैयक्तिक लुटीचा आरोप सिद्ध झालेला नाही. त्यांनी स्वतःसाठी ते सगळे वापरले नाही असे क्षणभर मानू. पण त्यांनी तोडलेल्या कुंपणातून पुढचा माणूस आला.

आणि तरीही ९२ व्या वर्षी महाथीर उभे राहिले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. २०१६ मध्ये त्यांनी उम्नो सोडला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी क्वालालंपूरच्या न्यायालयात ते अन्वर यांना भेटायला गेले. नजीब यांच्या काळात पुन्हा तुरुंगात गेलेले अन्वर एका नव्या सुरक्षा कायद्याला आव्हान द्यायला तिथे आले होते. अठरा वर्षांनी दोघांनी हात मिळवले. ज्याला आपण चिरडले त्याच्याकडे स्वतःच्या पायाने चालत जायला या वयात मोठे मन लागते.

९ मे २०१८ ला मतदान होते, मुद्दाम आठवड्याच्या मध्ये, बुधवारी ठेवलेले. लोक चिडले. अनोळखी माणसांनी एकमेकांना गाड्यांत जागा दिली, तिकिटाचे पैसे दिले. परदेशातल्या मतदारांच्या टपाली मतपत्रिका फार उशिरा पोचल्या होत्या. भरलेल्या मतपत्रिका मायदेशी जाणाऱ्या प्रवाशांच्या हाती देऊन लोकांनी त्या विमानतळामागून विमानतळ पुढे पाठवल्या. स्वातंत्र्यापासून ६१ वर्षे अखंड सत्तेवर असलेली आघाडी त्या रात्री हरली. १९८८ नंतर मोडलेल्या, वाकवलेल्या, विकत घेतलेल्या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट पुरती मोडायची राहिली होती: मतपेटी. ती सुद्धा मोडली असती तर महाथीर नव्हे, कोणीच नजीब यांना हलवू शकले नसते.

नव्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले लिम ग्वान एंग आणि संरक्षणमंत्री झाले मोहम्मद साबू. दोघेही १९८७ च्या धरपकडीत महाथीर यांच्याच राजवटीत डांबले गेलेले. अन्वर यांना राजाची माफी मिळून ते आठवड्याभरात सुटले. पण मुरलेली सवय सुटली नाही. सत्ता अन्वर यांच्याकडे कधी सोपवायची, हा प्रश्न टोलवला जात राहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये महाथीर यांचाच पक्ष आघाडीतून फुटून उम्नोकडे झुकला. २४ तारखेला महाथीर यांनी राजीनामा दिला. सर्व पक्षांच्या वर, एकट्याच्या नावावर चालणारे सरकार त्यांना हवे होते. १ मार्चला मुहिद्दीन पंतप्रधान झाले. महाथीर म्हणत राहिले, बहुमत माझ्याकडे आहे, संसद बोलवा. संसदेचे अधिवेशन मेपर्यंत लांबवले गेले, ते एका दिवसाचे झाले आणि त्यात मतदान झालेच नाही. पंतप्रधानापुढे संसद दुबळी ठेवण्याचा परिणाम या वेळी त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये लंकावीत त्यांची अनामत रक्कमही जप्त झाली आणि त्याच महिन्यात अन्वर पंतप्रधान झाले.

दुसऱ्या कारकिर्दीच्या २२ महिन्यांनी देशाला एक मोलाची गोष्ट मात्र दिली. मे २०१९ मध्ये तेंग्कू मैमून तुआन मत या देशाच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश झाल्या. २३ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने नजीब यांचे शेवटचे अपील फेटाळले आणि माजी पंतप्रधान त्याच दिवशी तुरुंगात गेले. त्यांची १२ वर्षांची शिक्षा पुढे माफी मंडळाने निम्मी केली, तरी निकाल निकालच राहिला. मलेशियाला भ्रष्ट नेत्यापासून सोडवले ते प्रथम मतदाराने आणि मग न्यायालयाने. म्हणजे खंबीर नेत्याच्या वाटेतले अडथळे म्हणून ज्यांची हेटाळणी होते, त्यांनीच.

न्यायालयाच्या या उभारीत आपलाही एक धागा आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत सांगितले की कलम १२१ मधले शब्द बदलले तरी न्यायिक अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे आणि संसद तो काढून घेऊ शकत नाही. त्यातला दुसरा निकाल, मुलांचे धर्मांतर आपल्या संमतीविना झाले म्हणून दाद मागणाऱ्या एका हिंदू मातेच्या खटल्यातला. मूलभूत चौकटीचे हे तत्त्व १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातून जगभर गेले, आणि तो खटला लढवला मुंबईच्या नानी पालखीवालांनी. तेव्हा ‘आपल्याला असा कोणीतरी हवा’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला माझे सांगणे आहे की त्या देशाने संकटाच्या वेळी आपल्याकडून जे घेतले ते आधी ओळखा, आणि इथे त्याच्यावर घाला येईल तेव्हा गप्प बसू नका.

जुलै २०१९ मध्ये मतदाराचे वय अठरावर आणणारी घटनादुरुस्ती महाथीर यांनी विरोधकांसह एकमताने मंजूर करून घेतली. १९८८ मध्ये कलम १२१ मधून काढलेले शब्द मात्र त्यांच्या कारकिर्दीत परत आले नाहीत.